विलास जपानी

सुनंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या घरी दळणाचे गहू निवडत होते. "ताई, हे उठत नायत," एवढंच ती म्हणाली. मागे कुणीतरी मोठ्याने दादाला हाका मारत होतं. मी शहापूरला पोहोचले तोवर हाका थांबल्या होत्या. टेम्पोची सकाळची फेरी मारून दादा घरी आला, दाराशी बसला, चहा मागितला. वहिनी कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो भिंतीला डोकं टेकून बसला होता, डोळे रस्त्याकडे... तिला वाटलं, कुणाची तरी वाट बघतोय.

त्याला काही आठवडे झाले. मला अजून एका जागी बसवत नाही. भाजी चिरायला घेते आणि उठते, गॅलरीत जाते, परत येते, काय करत होते ते आठवत नाही. लोक म्हणतात, सख्खा भाऊ गेला, असं व्हायचंच. पण नुसतं दुःख असतं तर मी रडून मोकळी झाले असते. माझं त्याच्याशी एक भांडण चालू होतं आणि ते अर्ध्यावर राहिलंय. तो नसला तरी मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देते, मग त्याच्या बाजूनं स्वतःलाच उत्तरं देते.

त्या दिवशी अंगणात जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "विलास जपानी गेला." पूर्ण नाव फारच थोड्यांना ठाऊक होतं. हे नाव त्याला आमच्या मुरबाडनं दिलं, नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांत. बाजाराच्या दिवशी तिथे पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लागायचा. भाड्याचा व्हीसीआर, टेबलावर रंगीत टीव्ही, एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. कॅसेटी आणणं, लावणं, सगळं दादाकडे होतं. एकदा मारामारीचा हिंदी पिक्चर म्हणून कल्याणहून जी कॅसेट आली, ती लावल्यावर पडद्यावर पाऊसच पाऊस, पांढऱ्याकाळ्या रंगात, आणि त्या पावसात झगे घातलेली, डोक्यावर शेंडी वळून बांधलेली माणसं. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. शेडमध्ये गलका झाला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी चपला घालायला लागलं. तेव्हा दादा उठून टीव्हीच्या शेजारी उभा राहिला आणि सांगायला लागला.

"ह्यो शिपाई बघा. ह्याला तिकडं सामुराय म्हनतात. सरदाराच्या दाराशी उभा ऱ्हातो. सरदाराचं मीठ खाल्लंय, म्हणून त्याच्यासाठी जीव देनार, असा ह्याचा धरम."

सामुराय हा शब्द त्यानं कॅसेटच्या खोक्यावर अक्षरं जुळवून वाचला होता; खालचं धावतं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. बाकी सगळं त्यानं चित्रं बघत बघत रचलं. पण माणसं बसली. सरदाराला गडाखालचं गाव उठवायचं होतं, गावकरी उठत नव्हते, तेव्हा सरदारानं शिपायाला गाव जाळायचा हुकूम दिला. मग तो प्रसंग... शिपाई सरदारापुढे गुडघे टेकून बसतो, लांब तलवार काढून जमिनीवर ठेवतो आणि बराच वेळ काहीतरी बोलतो. सरदाराचा चेहरा दगडासारखा. दादाचा आवाज तिथे खाली यायचा. तो म्हणायचा, "धनी, तुमचं मीठ खाल्लं, म्हणून पाठीमागून काय करनार नाय. उद्या मी गावाच्या बाजूनं उभा ऱ्हानार. आज सांगून ठेवतो. तुमची तयारी तुमी करा."

त्यानंतर गाव पेटलेलं दिसायचं आणि शिपायाच्या हातात मशाल दिसायची. दादा सांगायचा, ती त्यानं दुसऱ्याच्या हातातून हिसकावून घेतलीय. शेवटी शिपाई उंच गवतात एकटा बसतो आणि स्वतःच्या पोटात सुरी खुपसतो. गाव वाचवता आलं नाही म्हणून, असं दादा सांगायचा. माझ्या शेजारी बसलेली, बाजाराला करवंदं घेऊन आलेली एक बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बिचारा सांगून गेला गो." पुढच्या बाजाराला लोकांनी तीच कॅसेट मागितली. त्याच्याही पुढच्या बाजाराला. पोरं पिक्चरपेक्षा दादाकडे बघायची. तो दर वेळी थोडं बदलून सांगे, पण तलवार खाली ठेवतानाचं बोलणं शब्दाला शब्द तेच.

हळूहळू ते बोलणं शेडच्या बाहेर आलं. दादाला कुणाशी भांडायचं असलं की तो त्याच्या घरी जाऊन आधी सांगायचा. व्हीसीआरच्या मालकाचं काम सोडायचं ठरवलं तेव्हा त्यानं महिनाभर आधी सांगितलं आणि तो महिनाभर मालकाच्या शिव्या ऐकल्या. आई म्हणायची, ह्या पोराला पिक्चर लागलाय, भूत लागावं तसा.

मग भातसानगरची गोष्ट घडली. धरणाच्या कॉलनीत एका रविवारी दुपारी तिथल्या लोकांनी दादाला कॅसेट घेऊन बोलावलं. जपानीची कीर्ती तिथवर गेली होती. मीही गेले होते. हॉलमध्ये पंखे होते, खुर्च्या होत्या. दादानं नेहमीसारखं सांगितलं, माणसांनी टाळ्याही वाजवल्या. पण पिक्चर संपल्यावर एक वयस्कर इंजिनीयर त्याच्याजवळ आले. फार सभ्य माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही छान सांगता, पण खाली लिहिलेलं वेगळं आहे. तो शिपाई सरदाराला असं म्हणतो की मी तुमची आज्ञा पाळीन, पण पाळून झाल्यावर मला मरायची परवानगी द्या. गाव तोच जाळतो. मशाल त्याचीच आहे.

घरी आल्यावर दादा ओट्यावर येरझारा घालायला लागला. आई जेवायला बोलावून थकली. मी त्याला म्हटलं, "असू दे ना दादा, तू तुझी गोष्ट सांगितलीस."

"माझी म्हणून कुठं सांगितली, बाय? त्याची म्हणून सांगितली."

त्याला सगळ्यात जास्त काय खात होतं, ते मला नंतर कळलं. तो म्हणाला, खऱ्या पिक्चरमधला शिपाईही इमानीच आहे. मालकाचं ऐकलं, आणि त्याची शिक्षा स्वतःला करून घेतली. मग धरम कुठला खरा? हुकूम पाळून मरायचं, की सांगून उलटायचं? मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला वाटत होतं, हा एका पिक्चरसाठी इतका जीव का काढतोय. त्यानंतर त्यानं ती गोष्ट कधीच सांगितली नाही. तसंही घरोघरी केबल आली होती आणि शेडचे पत्रे कुणीतरी काढून नेले.

दादा शहापूरला गेला आणि एसटी स्टँडपासून थोडं आत एक गाळा भाड्यानं घेऊन त्यानं व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. नाणं टाकून खेळायची मोठी मशीनं. त्यातलं मारामारीचं एक मशीन दादाच्या खास आवडीचं, कारण त्यात एक तलवारवाला जपानी होता. शाळा सुटली, कॉलेज सुटलं, की पोरं तिथे. माझं लग्न होऊन मी वाशिंदला आले होते. शहापूरला गेले की मुद्दाम पार्लरमध्ये डोकवायचे. बायका तिथे येत नसत, पण जपानीची बहीण म्हणून मला स्टूल मिळायचं.

तिथे दादाचे नियम होते. खेळ सुरू करण्याआधी दोघांनी एकमेकांकडे बघून मान लववायची. समोरच्याचा खेळाडू खाली पडला असेल तर तो उठेपर्यंत बटण दाबायचं नाही. जिंकलेल्यानं हरलेल्याला हसायचं नाही. पोरं कुरकुरायची. एक जण म्हणाला, मशीन स्वतः खेळतं तेव्हा पडलेल्याला मारतंच की, मग आपण का नाही? दादा म्हणाला, "मशीनला कुठं लाज हाय? तुला हाय म्हणून सांगतो." दुसऱ्या पार्लरात असले नियम नव्हते, तरी पोरं इथेच यायची. त्यांना ते नियम आवडायचे असं मला वाटतं. त्या वयात कुणीतरी आपल्याकडून काहीतरी मोठं मागावं, असं वाटत असतं. पण पोरं घरी गेल्यावर दादा स्वतः त्या मशीनवर खेळायचा आणि मध्येच थांबायचा. तो तलवारवाला कुणासाठी लढतो, त्याचा धनी कोण, हे त्या खेळात कुठेच नव्हतं. "नुसताच लढतो," तो म्हणायचा, "कुणाचं मीठ खाल्लंय ते म्हायत नाय, आन लढतो."

मग कॉम्प्युटर आले, पार्लर ओस पडलं. मशीनं भंगारात गेली. त्याच काळात वहिनी दुसऱ्या वेळी बाळंत व्हायची होती आणि अडली. नदीला पूर, रस्त्यावर पाणी, एकही गाडीवाला यायला तयार होईना. तेव्हा दाजीशेठनी आपली जीप काढली. दाजीशेठ म्हणजे आमच्या भागातले बांधकामाचे ठेकेदार. स्वतः पुढे बसून त्यांनी वहिनीला कल्याणला पोहोचवलं. वहिनी वाचली, पोर वाचलं. त्यानंतर दाजीशेठ म्हणाले, माझी जीप चालव. दादानं ती कितीतरी वर्षं चालवली. शेठ त्याला घरच्यासारखं वागवत. दिवाळीला पोरांना कपडे, वहिनीला साडी. मला ते कधी खोटं वाटलं नाही. माणूस वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं.

दोन हजारनंतर आमच्याकडे जमिनीला भाव आले. मुंबईच्या लोकांना सिद्धगडाच्या बाजूला बंगले हवे होते. पायथ्याशी एक वाडी आहे, ठाकर आदिवासींची. तिथली सोनीबाय आणि आणखी काही घरं ओढ्याकाठच्या माळावर आणि वरच्या पट्टीत पिढ्यान्‌पिढ्या भात, वरी, नाचणी करत आली होती. शेठचा माणूस त्यांना म्हणाला, पाण्याच्या टाकीसाठी थोडी जागा लिहून द्यायची आहे, वाडीला पाणी येईल. त्यांना अंगठे द्यायला कचेरीत नेलं ते शेठच्या जीपमधून, आणि जीप दादा चालवत होता. ते सगळं बोलणं त्यानं कानांनी ऐकलं. त्याला ते खरंच वाटलं. कागदावर टाकी नव्हती. वरची पट्टी आणि खालचा माळ, सगळं लिहून घेतलेलं होतं.

वाडीनं तक्रार केली. तालुक्याला सुनावणी लागली. सोनीबाय दादाच्या घरी आली, अंगणात बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "तू तं गाडीत व्हतास ना रं?"

त्यानंतरचे दिवस दादानं कसे काढले, ते वहिनी सांगते. जेवताना उठायचा, अंगणात फिरायचा, जीप पुसायला घ्यायचा आणि अर्धीच पुसून सोडायचा. एक दिवस वाशिंदला माझ्याकडे आला. मी त्याला स्वच्छ सांगितलं, गप्प राहा. दोन पोरं आहेत. शेठनं तुझी बायको वाचवली आहे. साक्ष द्यायला तूच कशाला हवास? तो म्हणाला, गाडीत दुसरं होतं कोण? मी म्हटलं, मग दे साक्ष, पण मुकाट्यानं दे, थेट कचेरीत जाऊन उभा राहा. तो मान हलवत राहिला, पण ते होय की नाही ते मला कळलं नाही.

सुनावणीच्या आदल्या सकाळी तो शेठच्या बंगल्यावर गेला. तिथे काय झालं ते त्यानं मला स्वतः सांगितलं. चपला बाहेर काढल्या, शेठ झोपाळ्यावर बसले होते, त्यांच्यासमोर फरशीवर बसला आणि जीपची किल्ली खाली ठेवली. उद्या मी वाडीच्या बाजूनं बोलणार आहे, असं त्यानं सांगितलं. शेठनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "विलास, पुराचा दिवस आठवतो का?"

"आठवतो. म्हणून तं आधी सांगाय आलो."

शेठनी आतून चहा मागवला. दोघांनी तो प्यायला. मग दादा चालत घरी आला.

माझं भांडण आहे ते इथेच. शेठना पूर्ण एक दिवस मिळाला. त्या दिवसात त्यांची माणसं वाडीवर जाऊन आली, वकील बदलला, वाडीतल्या ज्यांनी दादाबरोबर बोलायचं कबूल केलं होतं त्यातले काही दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. कचेरीत दादा एकटा उभा राहिला आणि त्यानं ऐकलेलं सगळं सांगितलं. प्रकरण पुढे चालत राहिलं. शेवटी वरची पट्टी वाडीला परत मिळाली. ओढ्याकाठचा माळ, चांगला ओलाव्याचा, तो गेला. आज तिथे बंगले आहेत, लोखंडी फाटक आहे.

मी दादाला म्हटलं, तू सांगितलं नसतंस तर माळही वाचला असता. तुझा धरम सांभाळायला तू दुसऱ्यांची जमीन घातलीस. तो चिडला नाही. म्हणाला, असंल. मग म्हणाला, पण न सांगता केलं असतं तर मी कोण झालो असतो? मी म्हटलं, तू कोण होतोस याची काळजी वाडीनं का करायची? त्यावर तो गप्प बसला... आणि तो गप्प बसला की मला अधिकच राग यायचा. आजही कुणी मला विचारलं तर मी हेच म्हणेन. आणि हेही म्हणेन की त्या कचेरीत उभं राहायची हिंमत आमच्या सगळ्या नात्यागोत्यात दुसऱ्या कुणात नव्हती. ही दोन्ही वाक्यं मला एकत्र बसवता येत नाहीत.

शेठच्या शब्दाबाहेर जाऊन त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवायला कुणी तयार होईना. मग शहापूरच्या एका भाजीवाल्याचा टेम्पो तो चालवायला लागला. मार्केटला पहाटे जायचं, सकाळी परत. शेठ रस्त्यात दिसले तर दोघेही थांबायचे, नमस्कार करायचे. ते बघूनही मला राग यायचा.

आमची शेवटची भेट वाशिंदलाच झाली, यंदाच्या उन्हाळ्यात. माझी मुलगी कॉम्प्युटरवर खेळत होती आणि योगायोग असा की तो खेळ सामुरायचाच होता. आता चित्रं इतकी खरी असतात की गवत हललेलं दिसतं. दादा तिच्या मागे खुर्ची घेऊन बसला. पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी होती, पिवळी. त्यानं विचारलं, ती काय? मुलगी म्हणाली, "मामा, तो मान आहे. पाठीमागून मारलं की कमी होतो, समोरून लढलं की वाढतो."

दादा हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. पुढे वाकून त्या पट्टीकडे बघत राहिला. तिनं कुणाला तरी मारलं, पट्टी जराशी खाली आली. तो म्हणाला, "असं कोपऱ्यात दिसलं असतं तं किती बरं झालं असतं. बघितलं, कळलं, आपन चुकलो का नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला अजून कळलं नाय, बाय."

इतक्या वर्षांत त्यानं मला हे पहिल्यांदा सांगितलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर दारावर कुणीतरी आलं, चहापाणी झालं, आणि त्याची जायची वेळ झाली. मला वाटलं, श्रावणात माहेरपणाला जाईन तेव्हा बोलू. श्रावणात मी गेले ती त्याच्या दिवसांना.

दिवस झाले, माणसं पांगली, पण मला घरी चैन पडेना. मागच्या आठवड्यात मी मुरबाडला उतरून सिद्धगडाच्या बाजूची एसटी धरली आणि उरलेलं चालत वाडीवर गेले. सोनीबाय दाराशी सूप घेऊन बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, माझा चेहरा दादासारखा आहे. तिनं गोधडी टाकली, पाणी दिलं. दादा गेल्याचं तिला कळलं होतं. मी फार आडवळणं घेतली नाहीत. विचारलं, त्यानं शेठला आधी सांगितलं, म्हणून तुमचा माळ गेला. तुमच्या मनात त्याच्याबद्दल काय आहे?

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आमाला म्हायत व्हतं. शेठकडं जायच्या आधी तो आमच्याकडं आला. हितंच बसला. म्हनला, मी शेठला आधी सांगनार हाय. त्यात तुमचं नुसकान व्हईल. तुमी नको म्हना, मंग नाय सांगत."

हे मला ठाऊक नव्हतं. वहिनीलाही नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडले आणि त्यानं हे एकदाही पुढे केलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बाकीची म्हनली, सांग. म्हनली, शेठची जीप नसती तं ह्याची बाईल मेली असती, सांगाय पायजे. मी नको म्हनली." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी अजून बी नकोच म्हनते. माळ लय चांगला व्हता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. मला एकाएकी खूप थकल्यासारखं झालं आणि खूप मोकळंही... माझ्यासारखं वाटणारं दुसरं माणूस या जगात होतं, आणि ज्याचं नुकसान झालं तेच होतं. मी निघायला उठले तेव्हा ती म्हणाली, चल, दाखवते. मला घेऊन ती वरच्या पट्टीकडे चढली, माझ्यापेक्षा भरभर.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. बांधावर उभी राहून तिनं हातानं दाखवलं. बाकीच्या खाचरांत ओळी दोरी धरल्यासारख्या होत्या. टोकाच्या एका तुकड्यात मात्र त्या इकडेतिकडे गेल्या होत्या, कुठे दाट, कुठे विरळ, एक ओळ तर दुसरीत जाऊन मिळालेली.

"त्या त्याच्या," सोनीबाय म्हणाली. "माळ गेला तवापासून दर साल लावनीला यायचा. कुनी बोलावला नाय. मी तं बोलत बी नव्हती त्याच्याशी. भाकर सोबत आनायचा, दिसभर लावायचा, जायचा. गाडीवाल्याची कंबर, वाकवत नव्हती त्याला. सांगून सांगून दमली, सरळ लाव, सरळ लाव... ह्या साली बी आला व्हता."

वारा आला की सगळं खाचर एकदम हलत होतं, वाकड्या ओळींसकट. मला तिला अजून खूप विचारायचं होतं, त्याला त्याहून जास्त. सोनीबायनं बांधावरचं गवत उपटून खाली टाकलं आणि उतरायला लागली. जरा पुढे जाऊन, मागे वळून न बघता म्हणाली, "दिवाळीच्या आदी कापनी निघंल. ये. त्याच्या ओळी तू काप."